कुलूप मोडलेलं नाही, सबब दुरुस्ती नामंजूर

आमच्या शाळेच्या मागच्या जिन्याखाली एक दार आहे. ते आतून किल्लीशिवाय उघडावं, एवढ्यासाठी मी अकरा आठवडे घालवले. सुरक्षा समिती, आराखडा, शिक्षकांचं प्रशिक्षण हे सगळं त्या मानाने इतकं बिनबोभाट पार पडलं की त्यातलं निम्मं आता आठवतही नाही. दार मात्र स्वप्नात येतं.

वर्षाच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्ये 'आपत्ती व्यवस्थापन कोण बघणार?' असा प्रश्न निघाला. सगळ्यांनी आपापल्या वहीत डोकं घातलं. मी भूगोल शिकवते आणि भूकंप भूगोलात येतो, त्यामुळे माझं नाव लागलं.

आराखड्याचा छापील नमुना मिळाला. त्यात 'जमण्याची जागा' या रकान्यात आधीच छापलेलं होतं, 'जवळचे मोकळे मैदान'. मीही ते तसंच राहू दिलं होतं. मग जपानमधल्या ओकावा प्राथमिक शाळेबद्दल वाचलं. ११ मार्च २०११ च्या भूकंपातून तिथली मुलं सुखरूप मैदानात आली, पण पुढे कुठे जायचं हे ठरेना, म्हणून जवळपास पन्नास मिनिटं तिथेच थांबली. मागे टेकडी होती. त्सुनामीत ७४ विद्यार्थी आणि १० शिक्षक गेले. त्या शाळेच्या आराखड्यातही 'जवळची मोकळी जागा, उद्यान' असलंच काहीतरी लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते छापील वाक्य खोडून नेमकं लिहिलं: कोणता वर्ग कोणत्या भिंतीपाशी उभा राहणार, आणि ती जागा वापरता आली नाही तर दुसरी कुठली. खाडाखोड चालत नाही म्हणून नमुना परत आला. पुन्हा भरला. तेव्हा मला वाटलं होतं, कटकट म्हणतात ती हीच.

मग पहिलं मॉक ड्रिल झालं. आगीचं. लांब घंटा वाजली आणि पुढच्या जिन्यावरून मुलं झकास उतरली. वरच्या मजल्यावरचा एक अख्खा वर्ग मात्र बाहेरच आला नाही. मी धावत गेले तर सगळी मुलं बाकांखाली, डोक्यावर हात, एका हाताने बाकाचा पाय घट्ट धरलेला. अगदी शिकवल्याबरहुकूम. आदल्या आठवड्यात मीच त्यांना भूकंपाचं शिकवलं होतं आणि तेव्हाही हीच लांब घंटा दिली होती. एक मुलगी बाकाखालूनच म्हणाली, "बाई, अजून हलतंय का?" तेव्हा हे आधीच सांगून टाकते, दोन्हींचे इशारे वेगळे ठेवा. भूकंपात हादरे थांबेपर्यंत आत आडोसा धरायचा असतो, आगीत ताबडतोब बाहेर पडायचं असतं. घंटा एकच ठेवली तर मुलं बिचारी काय करणार?

आता दार. मागच्या जिन्यावरून चार वर्ग उतरले आणि दाराशी येऊन तुंबले. दाराला कडी, कडीला कुलूप. किल्ली शिपाई मामांकडे, आणि मामा टपाल द्यायला बाहेर गेलेले. दुसरी किल्ली कार्यालयातल्या खिळ्यावर असायला हवी होती. खिळा होता. मागची मुलं पुढच्यांना ढकलत होती, सगळी हसत होती, आणि सगळ्यात खाली दाराला चिकटून उभा असलेला एक लहानगा हसत नव्हता. त्याचा गाल लाकडाला टेकला होता. मामा परतून दार उघडेपर्यंत पाच मिनिटं वीस सेकंद गेली. माझ्या हातात घड्याळ होतं.

साधी गोष्ट आहे, कुलूप बदलू, असं मला वाटलं. आतून ढकललं की उघडणारा आडवा दांडा मिळतो, बाहेरून मात्र दार बंदच राहतं. ही काही नवी युक्ती नाही. १६ जून १८८३ ला इंग्लंडमधल्या संडरलंड इथे व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा खेळ होता. शेवटी खाली भेटवस्तू वाटायला लागले तशी गॅलरीतली मुलं जिन्यावरून धावली. जिन्याखालचं दार एका वेळी एकच मूल जाईल इतपत उघडं ठेवून खिटी लावलेली होती. १८३ मुलं चेंगरून गेली. आग नाही, भूकंप नाही, फक्त एक खिटी. त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्ज यांनी आतून दाबलं की उघडणारी कडी तयार केली, तिचं पेटंट १८९२ चं. म्हणजे मी जे मागत होते ते शंभराहून अधिक वर्षं जुनं होतं.

मी दुरुस्तीचा अर्ज भरला. वरच्या कार्यालयात गेला, दोन आठवड्यांनी परत आला. 'बिघाडाचा प्रकार' या रकान्यात मी 'किल्लीशिवाय उघडत नाही' असं लिहिलं होतं. शेरा होता, 'कुलूप मोडलेले नाही, सबब दुरुस्ती नामंजूर.' खरंच आहे म्हणा. किल्लीशिवाय न उघडणं हा कुलपाचा बिघाड थोडाच.

मग नवीन खरेदीचा अर्ज. तो तीन आठवडे कुठेतरी पडून होता. विचारायला गेले की 'साहेबांच्या टेबलावर आहे' आणि साहेबांना विचारलं की 'खालीच असेल'. शेवटी उत्तर आलं: आधीची वस्तू चालू स्थितीत असताना त्याच कामासाठी दुसरी घेता येत नाही. एका क्षणी मनात आलं की कुलूप हातोड्याने फोडावं आणि पहिलाच अर्ज पुन्हा द्यावा. आमच्या गणिताच्या सरांनी तर हातोडा आणून देण्याची तयारीही दाखवली.

तिसऱ्या खेपेला कागद सुरक्षा विभागाकडे वळवला. तिथला आक्षेप ऐकण्यासारखा होता, हे मान्य करायला हवं. दार उघडं राहिलं तर कोणीही परका माणूस आत येईल, आणि मोठी मुलं तास बुडवून पसार होतील. मी सांगितलं, दांडा आतल्या बाजूला असतो, बाहेरून हँडलसुद्धा नसतं. पळून जाणाऱ्यांसाठी दारावर बझर लावू, दार उघडलं की कार्यालयात वाजेल. मान डोलावली गेली. लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं. आणखी तीन आठवडे गेले.

पण खरा कळस पुढेच होता. ड्रिलचा अहवाल पाठवायचा होता. 'आढळलेले अडथळे' या रकान्यात मी लिहिलं: मागचे दार कुलूपबंद, चार वर्ग पाच मिनिटे वीस सेकंद अडकले. अहवाल स्वीकारणाऱ्या गृहस्थांनी ती ओळ पेन्सिलने अधोरेखित केली आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "मॅडम, ही ओळ काढा, लगेच पुढे पाठवतो. आणि पुढच्या वेळी ड्रिलच्या दिवशी कुलूप आधीच काढून ठेवायचं, म्हणजे वेळ पण छान येते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बाई म्हणून पंचवीस वर्षं वर्गात काढली आहेत, पेपर आधीच सांगून ठेवणारे पुष्कळ पाहिले, पण आग लागायच्या दिवशी कुलूप काढून ठेवा म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. ओळ काढली नाही. अहवाल दोन आठवडे तसाच पडून राहिला, आणि मुख्याध्यापिका बाईंना 'तुमच्या शाळेचा अहवाल बाकी' अशी स्मरणपत्रं येत राहिली. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, हे इथे लिहून ठेवते.

सुटका झाली ती शिक्षकांच्या प्रशिक्षणात. अग्निशमन दलाचे अधिकारी अग्निशामक नळकांडं वापरायला शिकवायला आले होते. पिन ओढा, नळी ज्वाळांच्या वर न धरता बुडाशी धरा, दांडी दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. नुसतं बघू नका, प्रत्येकाने स्वतः एकदा दाबा. छोटं नळकांडं काही सेकंदांतच रिकामं होतं आणि हातात धरेपर्यंत ते कळत नाही. आमच्या चित्रकलेच्या बाईंचं अर्धं झाडावरच गेलं. विजेच्या उपकरणाला आग लागली असेल तर पाण्याचं नळकांडं चालत नाही, हेही अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळलं.

ते झाल्यावर मी त्यांना 'जाता जाता एक दार बघता का' म्हटलं. त्यांनी कुलूप हातात घेतलं, सोडलं, आणि शाळेच्या भेटवहीत एक ओळ लिहिली: बाहेर पडण्याचे दार शाळा भरलेली असताना आतून किल्लीविना उघडले पाहिजे. खाली सही, शिक्का. त्या पानाची प्रत जोडून चौथा अर्ज दिला. चार दिवसांत मंजुरी. अकरा आठवडे माझी पाच मिनिटं वीस सेकंद कोणाला दिसली नाहीत, शिक्का लगेच दिसला. म्हणून सांगते, बाहेरच्या जाणकाराला पहिल्या आठवड्यातच बोलवा आणि त्याचं म्हणणं लेखी घ्या. मी उलट क्रमाने गेले.

दुसरं ड्रिल मी मधल्या सुट्टीत घेतलं, कोणालाही न सांगता. तासाला मुलं बाईंच्या मागे रांगेने येतात, त्यात काय कळणार? सुट्टीत ती विखुरलेली असतात, स्वच्छतागृहात असतात, ग्रंथालयात असतात. पुढचा जिना लाल फीत बांधून मुद्दाम बंद केला. मागचं दार पहिल्याच मुलीने ढकललं आणि बझर असा काही ठणाणा वाजला की तीच दचकून मागे सरली. मग हसली. सगळी बाहेर यायला दोन मिनिटं पंधरा सेकंद लागली.

हजेरीला मात्र एक मुलगा कमी भरला. डोकी मोजू नका, हजेरीपटावरून नावं पुकारा, नाहीतर कोण कमी आहे ते कळतच नाही. तो खडू आणायला दुसऱ्या मजल्यावर गेला होता आणि वाटेत भेटलेल्या वर्गाबरोबर त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. हे चालतं, पण त्या रांगेच्या शिक्षकांनी लगेच 'आमच्याकडे एक जादा' असं सांगायला हवं.

आणखी काही आठवलं तसं. वर्गातून निघताना शेवटच्याने दार ओढून घ्यायचं, धूर अडतो. कडी मात्र लावायची नाही. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीबरोबर कोण राहणार हे नावानिशी ठरवा, आणि ती दोन माणसं रजेवर असतील त्या दिवसासाठीही दोन नावं ठेवा. लिफ्ट वापरायची नाही. दम्याची औषधं आणि पालकांचे फोन नंबर यांची पिशवी कार्यालयात ठेवून उपयोग नाही, ती हजेरीपटाबरोबर बाहेर यायला हवी. मूल पालकांकडे सोपवताना सही घ्या, गडबडीत 'काका घेऊन गेले' एवढ्यावर सोडू नका. आणि छातीवर दाब देण्याचं प्रात्यक्षिक शिपायांपासून सगळ्यांना द्या. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाच्या छातीत निदान पाच सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत घाम फुटतो, म्हणून आळीपाळीने. आमच्याकडे सगळ्यात नेमका ठेका मामांचा होता.

अहवाल त्या ओळीसकट गेला. गेल्या आठवड्यात वरच्या कार्यालयाचं पत्र आलंय: मागच्या दाराचे जुने कुलूप दोन्ही किल्ल्यांसह भांडारात जमा करून पावती सादर करावी. कुलूप आहे, मामांची किल्ली आहे. खिळ्यावरची किल्ली अजून सापडलेली नाही.