तुम्ही विचारलंत म्हणून: एरवी हात घट्ट आणि सणाला सैल, असं का?

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. ऑफिसमधल्या मैत्रिणी विचारतात, मावसबहीण विचारते, वहिनी तर दर वर्षी न चुकता विचारते, की एरवी बाहेर जायचं म्हटलं की तू ‘या आठवड्यात नको’ म्हणतेस, मोबाइल पाच वर्षं तोच वापरतेस, आणि सण आला की सगळ्यांना मनासारखं घेतेस, घर माणसांनी भरून टाकतेस, मग हे पैसे येतात कुठून? निम्म्या जणींना वाटतं मी मुळातच चिकट आहे, आणि उरलेल्यांना वाटतं मी कुठेतरी घबाड लपवून ठेवलंय. दोन्ही ऐकून मला त्रास होतो, कारण दोन्हीतलं काहीच खरं नाही आणि खरं सांगायला लागलं की लोक दुसऱ्या मिनिटाला विषय बदलतात.

तर पैसे येतात माझ्याच पगारातून, दर महिन्याला थोडे थोडे. गेल्या सणात झालेला सगळा खर्च मी लिहून ठेवते, कपडे, भेटवस्तू, प्रवास, आल्यागेल्याचं, अगदी रिक्षाभाड्यापर्यंत. त्याला बाराने भागते, महागाईसाठी वर दहा टक्के धरते, आणि तेवढी रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप एका वेगळ्या खात्यात जाते. त्या खात्याचं कार्ड मी घेतलेलं नाही, अ‍ॅपही टाकलेलं नाही. सणाला जे करायचं ते तेवढ्यात. सण काही आजारपण नाही न सांगता यायला, त्याची तारीख वर्षभर आधी भिंतीवर टांगलेली असते, तरी दर वर्षी आपण दारात अचानक पाहुणा उभा राहिल्यासारखे धावत सुटतो. मीही धावायचे.

‘एवढंच?’ असं म्हणतात लोक हे ऐकून. हो, एवढंच, आणि हे माझ्या डोक्यातून निघालेलं पण नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावात एका बँकेने १९०९ साली ख्रिसमस क्लब नावाचं खातं काढलं होतं, वर्षभर दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि सणाच्या आधी एकदम घ्यायचे. अशा खात्यांवर व्याज बऱ्याचदा नगण्य, कधी तर नाहीच, तरी ती पुढे देशभर पसरली, कारण माणसांना व्याजापेक्षा कुलूप हवं होतं. माझा भाऊ हिशोबाला पक्का, तो म्हणतो पैसा सगळा सारखाच, वेगळ्या खात्यात कुजवण्यापेक्षा जास्त मिळेल तिथे टाक. आकडेमोडीत त्याचंच बरोबर आहे. पण माणसं पैशाला मनातल्या मनात नावं देतात, हा किराण्याचा, हा मजेचा, हा हात न लावायचा, आणि त्या नावाप्रमाणेच वागतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये यावर निबंध लिहिला आणि २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात हेही काम होतं. मला नोबेलशी देणंघेणं नाही, मला माझा हात माहीत आहे.

रोजच्या मजेचं पण तसंच. सिनेमा, बाहेर खाणं, उगाच आवडलं म्हणून घेतलेलं काहीतरी, यासाठी मी आठवड्याची रक्कम ठेवते, महिन्याची नाही. महिन्याची ठेवली की दहा तारखेपर्यंत उडते आणि उरलेले वीस दिवस माणूस स्वतःवर चिडत काढतो. आठवड्याची संपली तरी फार तर दोन-तीन दिवस थांबायचं असतं. ‘या आठवड्यात नको’ म्हणजे एवढंच असतं हो, पुढच्या आठवड्यात मी येते की!

आता ते, जे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

बाबा गेले त्यानंतरचं पहिलं वर्ष घरात कुणी काही केलंच नाही. दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की यंदा घर पुन्हा पहिल्यासारखं दिसलं पाहिजे. कुणी मला सांगितलं नव्हतं, माझं मीच अंगावर घेतलं. त्या महिन्यात मी क्रेडिट कार्डावर जवळजवळ अडीच पगार खर्च केले. भाच्यांना, वहिनीला, भावाला, आणि आईला एक आरामखुर्ची, चांगली, पाय वर करता येणारी, हातांना मऊ गादी असलेली. आईचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. खुर्ची घरी आली, मी आईला बसवलं, विचारलं ‘आवडली?’, तर ती हातांवरून हात फिरवत ‘हो’ म्हणाली. त्या संध्याकाळी घरात जेवढं हसणं झालं तेवढं दोन वर्षांत झालं नव्हतं. हे मी नाकारणार नाही.

मग बिल आलं. त्यावर दोन आकडे होते, एक सगळा आणि एक ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे कमीत कमी भरायलाच हवी ती रक्कम. मी शिकलेली बाई, नोकरी करणारी, पण माझी खरोखर समजूत होती की मिनिमम भरलं की आपण व्याजातून सुटलो. तसं नसतं. मिनिमम भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो. उरलेल्या रकमेवर व्याज सुरूच, आणि पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत पण जाते, म्हणजे त्यानंतर कार्डावर घेतलेल्या प्रत्येक गोष्टीवर घेतलेल्या दिवसापासून व्याज लागतं. मी तर किराणासुद्धा कार्डावर भरत होते, कारण पगाराचा काही भाग मिनिमम भरण्यात जात होता. माझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के होता. ऐकायला काहीच वाटत नाही ना? बाराने गुणलं की बेचाळीस, आणि व्याजावरचं व्याज धरलं की वर्षाला एक्कावन्नच्या वर. मिनिमम पाच टक्के असेल, तर आपण भरतो त्यातले तीनपैकी दोन भाग व्याजातच जातात. नवीन एक पैचंही काही न घेता नुसतं मिनिमम भरत राहिलं तर निम्मं कर्ज उतरायलाच तीन वर्षं पाच महिने लागतात. मी हे गणित नंतर स्वतः मांडलं, रात्री, वहीत, तीनदा, कारण पहिल्या दोनदा मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

सात महिने मी तसं चालवलं. स्टेटमेंट यायचं, मी ते न उघडता कपाटातल्या खणात टाकायचे. आईला डोळ्यांचे थेंब सापडत नव्हते म्हणून तिने तो खण उघडला.

मी ऑफिसमधून आले तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती, सगळी पाकिटं उघडून तारखेप्रमाणे लावलेली, हातात पेन्सिल. आईला इंग्रजी फार येत नाही पण आकडे येतात. प्रत्येक कागदावर एका ओळीखाली तिने बारीक रेघ मारली होती, व्याजाच्या ओळीखाली. आवाज न चढवता म्हणाली, ‘हे दर महिन्याला कशाचं?’ मी सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘त्या दिवशी तू विचारलंस आवडली का, मी हो म्हटलं. माहीत असतं तर नसतं म्हटलं.’

त्यानंतर आई त्या खुर्चीत बसली नाही. भांडण नाही, अबोला नाही, रोजचं सगळं नेहमीसारखं, पण टीव्ही बघताना ती खुर्चीच्या शेजारी जुन्या लाकडी स्टुलावर बसायची, गुडघे दाबत. मी दोनदा म्हटलं, ‘बस ना गं’, तर म्हणाली, ‘फिटू दे आधी.’

ते फिटायला सव्वा वर्ष लागलं. कार्ड मी त्याच आठवड्यात कात्रीने कापलं, बँकेतून कमी व्याजाचं पर्सनल लोन काढून कार्डाचं सगळं एकदम भरलं, आणि मग त्याचे हप्ते. अशी वेळ आलेल्या कुणालाही मी आधी हेच सांगते, महागडं कर्ज आधी स्वस्त कर्जात बदला, मग काटकसरीचं बघा. आणि कार्ड बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, २००१ साली छापून आला, बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावायची, काहींनी रोख देऊन, काहींनी कार्डाने. तीच तिकिटं, पण कार्डवाल्यांची बोली दुपटीच्या आसपास गेली. शिस्तीच्या गोष्टी मला कुणी सांगायला लागलं की मला हे आठवतं. शिस्त सगळ्यांकडेच कमी असते, कार्ड ती अजून कमी करतं.

याच प्रेलेक यांचा जॉर्ज लोवेनस्टीन यांच्याबरोबरचा १९९८ चा एक निबंध आहे. त्यात लोकांना विचारलं होतं, की सहलीचे पैसे आधी भरत आणाल की परत आल्यावर हप्त्याने? आणि वॉशिंग मशिनचे? सहलीचे बहुतेकांना आधी भरायचे होते, मशिनचे नंतर. कारण सरळ आहे, मशिन हप्ते फिटेपर्यंत रोज कपडे धुतं, सहल संपलेली असते आणि हप्ता उरलेला असतो. सण सहलीसारखाच. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आईचं स्टूल दिसलं. खुर्ची तर मशिनसारखी होती, रोज वापरता येणारी, तरीसुद्धा त्या कर्जाने ती आईसाठी वापरण्यासारखी ठेवली नाही.

‘ऋण काढून सण’ हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि कुणीतरी कंजूष म्हाताऱ्याने रचलं असेल असं मला वाटायचं. तेव्हाची मी आज समोर आली तर मला गप्प बसवेल, हेही सांगते. ती म्हणेल, बाबांनी आयुष्यभर साठवलं, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहिले, काय उपयोग झाला? म्हणेल, त्या एका संध्याकाळसाठी अडीच पगार आणि वर व्याज, मला परवडलं. माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. ती संध्याकाळ खरी होती. बारा हप्त्यांत भागून ठेवलेल्या पैशातून तशी संध्याकाळ मला परत जमली का, तर चांगल्या जमल्या, पण तशी एकही नाही. तिला मी एवढंच विचारू शकते की मग सांगितलं का नाहीस घरात? लपवलंस का? यावर ती काही बोलणार नाही.

आणि ‘तुला काय, तू एकटी’ म्हणणाऱ्यांना: आई माझ्याकडे असते, औषधपाणी मी बघते, तेव्हा एकटी वगैरे काही नाही. पण एक गोष्ट तुमची बरोबर आहे आणि ती मी मान्य करते, माझा पगार ठरलेल्या दिवशी येतो. ज्यांचं उत्पन्न महिन्याला वरखाली होतं त्यांना बाराने भागून उपयोग नाही, त्यांनी चांगल्या महिन्यात टक्क्याने बाजूला काढावं लागतं. आणि ज्यांच्या हातात खाऊनपिऊन काही उरतच नाही त्यांना माझं खातं, माझी वही, काहीच शिकवू शकत नाही. अशांना ‘नियोजन करा’ सांगणाऱ्यांची मला चीड येते. तिथे नियोजन कमी नसतं, पैसे कमी असतात.

अजून एक कबूल करते, कारण नाहीतर तुम्हाला वाटेल मी सुधारले. गेल्या वर्षी भाचीला वर्गाबरोबर सहलीला जायचं होतं, सणाचं खातं रिकामं झालेलं, आणि मी अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशातून काढून दिले. कुणाला विचारलं नाही. सहा महिन्यांत परत भरले, पण त्या सहा महिन्यांत आई आजारी पडली असती तर? नाही पडली. मी चुकले की नाही, मला अजून ठरवता येत नाही, पण भाचीचे सहलीचे फोटो बघून मला बरं वाटलं, हेही खरं.

शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी मी आईला मोबाइलवर तो मेसेज दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला, ‘बरं झालं’ म्हणाली. मला वाटलं आता बसेल. नाही बसली. दोन-तीन आठवड्यांनी म्हणाली, ‘ती खुर्ची माझ्या कमरेला बरी नाही गं, तूच बस.’ कंबर की दुसरं काही, मी विचारलं नाही. आता खुर्चीत मी बसते, आणि दर सणाला आईच्या हातात काही ठेवलं की कागद सोडायच्या आधी ती विचारते, ‘भरलेस ना सगळे?’ मी हो म्हणते. मग ती सोडते.