टी६ पत्रा वाकवायचा कसा? माझा अनुभव

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. एका बोटीसाठी ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट करायचे होते. ड्रॉइंगवर ६०६१-टी६ (६०६१ हा मॅग्नेशियम-सिलिकॉन घातलेला अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू, टी६ म्हणजे उष्णता देऊन पूर्ण कडक केलेला), काटकोनी बेंड आणि आतली त्रिज्या ३ मिमीच. प्रेसब्रेकवर (पत्रा वाकवायच्या यंत्रावर) पहिल्याच तुकड्याला बाहेरच्या अंगाने बेंडच्या रेषेत तडा गेला. टी६ला जाडीच्या साधारण तिप्पट तरी त्रिज्या हवी. पण तेवढी दिली तर ब्रॅकेट जागेवर बसेना. ५०५२ हा सहज वाकणारा मिश्रधातू सुचवून पाहिला; ग्राहकाला ताकद टी६चीच हवी होती.

मग मऊ असताना वाकवायचं आणि कडक नंतर करायचं, असं ठरलं.

तुकडे भट्टीत ५३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले. एवढ्या उष्णतेत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतात. तापमान फार चढलं तर धातू आतून वितळू लागतो, म्हणून थर्मोकपलवरची (तापमान दाखवणाऱ्या तारेवरची) नजर हलवायची नाही. ते विरघळलेलेच राहावेत म्हणून लगेच थंड करायचं: दार उघडल्यापासून तुकडा पाण्यात पडेपर्यंत जेमतेम काही सेकंद. मे महिना, टाकीतलं पाणी कोमट. शेवटी मासळीवाल्यांच्या बर्फाच्या लाद्या आणून टाकल्या.

पोलादाला पाणी दिलं की ते तिथल्या तिथे कडक होतं. इथे उलटंच. "पाणी देऊनही मऊच कसं रे?" म्हणत आमच्या मेस्तांनी (मिस्त्रींनी) कापलेली एक अरुंद पट्टी हातानेच वाकवून पाहिली. पत्रे थोडे मुरडले होते, तेही लाकडी हातोड्याने सहज सरळ झाले. मात्र ही मुदत तासांचीच. नुसतं ठेवलं तरी धातू हळूहळू कडक होत जातो. जर्मनीत धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांच्या हे १९०६च्या सुमारास दुसऱ्या एका मिश्रधातूत लक्षात आलं होतं, त्यातूनच ड्युराल्युमिन हा कडक अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू आला. हे कडक होणं लांबवायला आम्ही उरलेले तुकडे डीप फ्रीजरमध्ये टाकले आणि थोडे थोडे काढून वाकवले. एकालाही तडा नाही.

नंतर १७५ अंशांवर ८ तास. विरघळलेलं मॅग्नेशियम-सिलिकॉन आता बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतं आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाही. पूर्ण मऊ ६०६१ सुमारे ५५ मेगापास्कल (ताणाचं एकक) ताणाला कायमचा वाकतो, टी६ सुमारे २७५ला. ओव्हनमध्ये जास्त वेळ राहिला तर कण मोठे होऊन ताकद पुन्हा उतरते, म्हणून रात्रपाळीच्या माणसाला घड्याळ लावून बसवलं.

ग्राहकाला वर गसेट (कोपऱ्याला आधार देणारा तुकडा) वेल्ड करून हवं होतं. त्याला मी साफ नाही म्हटलं, वेल्डच्या कडेची ताकद निम्म्यावर येते. गसेट बोल्टने बसवलं.