तुम्ही विचारलंत म्हणून: सहलीचे पैसे

“मॅडम, सरकार शाळेला पैसे देतं ना? मग दर डिसेंबरात तुम्ही लोकांकडे का मागता?” यात्रेत, लग्नाच्या पंगतीत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, सगळीकडे हेच ऐकते. एकदा नीट सांगते.

सरकार देतं. आमचा पट ४४. एवढ्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. लाइट बिल, खडू, नळाची तोटी, शौचालयाची सफाई, फुटलेले पत्रे, सगळं त्यातच. एसटी शालेय सहलीला निम्मी सवलत देते, पण उरलेलं निम्मं कोणी भरायचं? पालकांकडून घ्या म्हणता. तेव्हा कांदालागवड चालू असते, माझ्या वर्गातली कितीतरी मुलं रानात आईच्या हाती रोपं देत असतात. पहिल्या वर्षी मी एका घरी दोनशे रुपये मागायला गेले होते. आईने “देते” म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पोर शाळेत येईना. तेव्हापासून घरी जाऊन मागत नाही.

“मग नका नेऊ, पुस्तकात आहे की सगळं.” चौथीच्या पुस्तकातला शिवनेरी राज्यभरातली मुलं वाचतात. आमच्या जुन्नर तालुक्यातल्या मुलांनीही तो वाचूनच ओळखायचा?

तीन वर्षांपूर्वी एका दात्याने बसचं सगळं भाडं दिलं. अट एकच, फलकासह फोटो. मी लगेच हो म्हणाले.

बस आम्हाला तालुक्यातल्याच नाणेघाटात घेऊन गेली. तिथल्या गुहेत मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातली नावं ओळीने कोरली आहेत: सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी. त्यांच्या मूर्ती गेल्या, काहींची पावलं तेवढी राहिलीत. पोरं उकिडवी बसून त्या पावलांशेजारी आपली पावलं धरून बघत होती. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला नागनिका राणीचा मोठा लेख आहे. यज्ञांत दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, ते अंकांसकट. दोन आडव्या रेघा म्हणजे दोन, हे मी वर्गात शिकवलं होतं. पाचवीतली एक मुलगी भिंतीपाशी बराच वेळ मान वाकडी करून उभी राहिली आणि ओरडली, “बाई, दोन! हे बघा दोन!” दोन हजार वर्षांपूर्वीचा आकडा तिने स्वतः शोधला होता. मी एवढ्याचसाठी मागते हो.

मग फोटोसाठी सगळ्यांना बाहेर दगडी रांजणापाशी उभं केलं. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकत, असं सांगतात. वारा इतका, की फलक धरायला चार मुलं लागली. त्यात ती मुलगीही होती. तिने वरून वाकून उलटी अक्षरं जुळवून वाचली: ‘गरीब व गरजू विद्यार्थ्यांना मोफत सहल’. मग माझ्याकडे बघून विचारलं, “बाई, गरीब व गरजू म्हणजे आम्हीच ना?”

फोटो काढणारा “हसा, हसा” म्हणत होता. मी तिला म्हणाले, “सरळ धर.”

एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सहलीचं वर्णन लिहायला दिलं. तिने रांजण काढला, दोन रेघा काढल्या, फलकाचं एक अक्षर नाही. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज अजून जात नाही.

तेव्हा मी मनाची समजूत घातली होती की दान दिल्यावर नाव लिहिणं आपल्या मातीतलंच आहे. नागनिकेने लिहिलं. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दोन पाण्याची टाकी दिल्याचं कोरलंय, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिल्याचंही. मग आमच्या दात्यानेच काय पाप केलं? दोन वर्षं ही समजूत पुरली. आता पुरत नाही. इरिलाच्या लेखात इरिल आहे, टाकी आहेत. त्यातलं पाणी पिणारा गरीब होता की गरजू, हे कोणी कोरलेलं नाही. पण हेही खरं, की त्या फलकाशिवाय बस नव्हती, आणि बसशिवाय ती ‘दोन’ म्हणून ओरडली नसती. चव्वेचाळीस मुलांच्या वतीने बाणेदारपणा दाखवायचा हक्क मला कोणी दिला?

परिसरभेटीसाठी दर मुलामागे दोनशे रुपये अनुदानात वेगळे धरा, असं मी दोनदा लेखी कळवलंय. अजून उत्तर नाही.

यंदा त्याच दात्याचा फोन आला. म्हटलं, तुमचं नाव हवं तेवढं मोठं ठेवा, ‘गरीब व गरजू’ तेवढं काढा. ते म्हणाले, “मॅडम, फलक तोच आहे, तीन वर्षांपूर्वीचा. परत छापायचा कशाला?” मी उद्या सांगते म्हणाले. शनिवारपर्यंत आगारात बस नोंदवायची आहे. ती मुलगी आता आठवीत, हायस्कूलला आहे. तिचा धाकटा भाऊ यंदा माझ्याकडे पाचवीत आहे.