दाखल नंबर

जुनं जनरल रजिस्टर उघडायचं तर आधी टेबलावर वर्तमानपत्र पसरावं लागतं. पानांच्या कडा हात लावला की तुटतात, आणि तुटलेल्या तुकड्यावर कुणाची तरी जन्मतारीख असते. आमच्या शाळेत अशी पाच रजिस्टरं होती, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, लाल कापडात बांधलेली. सातारा शहरातली अनुदानित मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी. मी तिथे 1993 मध्ये शिक्षिका म्हणून लागले आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. ही गोष्ट 2019 च्या एप्रिलमधली.

मराठी शाळा ओस पडतायत असं सगळीकडे म्हणतात आणि ते खरंही आहे. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत कितीतरी शिक्षक उन्हातान्हात दारोदार फिरतात. आमच्याकडे मात्र पाडव्याला नावनोंदणी सुरू झाली की आठवड्याभरात जागांपेक्षा अर्ज जास्त व्हायचे. दोन तुकड्या, 60 जागा. त्या वर्षी अर्ज आले 94.

त्याच सुमारास माजी विद्यार्थी संघाचं निवेदन आलं. 60 पैकी 20 जागा माजी विद्यार्थ्यांच्या पाल्यांसाठी राखून ठेवाव्यात. संघानं शाळेसाठी खूप केलं होतं. मुलींची स्वच्छतागृहं त्यांनी बांधून दिली, पाण्याची टाकी बसवली, दोन वर्गांवरचे पत्रे काढून स्लॅब टाकला. संघाचे अध्यक्ष शहरातले डॉक्टर, भला माणूस. शाळेतल्या मुलांना तपासायचे तर एक रुपया घेत नसत.

मला तेव्हा ही मागणी गैर वाटली नव्हती, हे आधी सांगते. पालक मुलाला घेऊन नाव घालायला येतात आणि व्हरांड्यातल्या खांबाला हात लावून म्हणतात, “इथं मी पडलो होतो, ही बघ खूण.” एका आजीनं तर नातवाला माझ्यासमोर उभं करून सांगितलं होतं, “बाई, ही आमची तिसरी पिढी.” हे ऐकताना माझा ऊर भरून यायचा. ज्यांचा इतका जीव आहे त्यांच्या मुलांना आधी घेतलं तर काय बिघडलं, असंच मी घरी बोलले होते.

शाळा समितीनं सांगितलं, बैठकीआधी यादी काढा. त्या वर्षीच्या अर्जात एक नवा रकाना छापला होता: ‘आपण या शाळेचे माजी विद्यार्थी आहात का?’ ज्यांनी ‘होय’ लिहिलं त्यांची नावं रजिस्टरात पडताळून घ्यायची होती. शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि आणखी एक शिक्षिका, अशा आम्ही दोघी बसलो. बाकीचे शिक्षक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले होते.

जनरल रजिस्टर ज्यांनी हाताळलंय त्यांना ते रकाने पाठ असतात. दाखल नंबर, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचं कारण, शेरा. जुन्या पानांवर निम्म्या मुलांचा वाढदिवस 1 जूनला. आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी तीच घालून मोकळे व्हायचे.

साताऱ्यात रजिस्टराला मोठा मान आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी इथल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. रजिस्टरात नंबर 1914. 2017 पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी मुलांना ही गोष्ट मी सांगायचे, अगदी वर्गात वेगळं बसवलं जायचं तिथपर्यंत. मुलं दरवेळी हेच विचारायची, “बाई, ते पान अजून आहे?”

पडताळणीत 31 नावं निघाली. एकेक नाव सापडलं की आम्हा दोघींना आनंद व्हायचा. अगं, हा बघ, हा भित्रा होता, आता बँकेत आहे. संध्याकाळपर्यंत तीस झाली. एकतीसावा अर्ज मात्र मी दोनदा बाजूला ठेवला होता. त्यावर निळ्या पेनानं वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘होय. दुसरी पर्यंत.’ व्यवसाय हमाली. पत्ता शाळेपासून पाच मिनिटांवरच्या वस्तीतला.

नाव चौथ्या रजिस्टरात सापडलं. पहिलीत दाखल, आणि 1997 च्या डिसेंबरात नाव कमी. सोडल्याच्या कारणात हेडमास्तरांच्या अक्षरात चार शब्द: ‘सतत गैरहजर. नाव कमी.’ दुसरीचा तो वर्ग माझा होता. हजेरी मी घेत होते. सलग गैरहजर मुलांची यादी हेडमास्तरांकडे मीच दिली असणार, दर महिन्याला देत होते. मी खूप आठवून पाहिलं. बाकीच्या तिसांपैकी निदान पंधरा जणांचे लहानपणचे चेहरे मला सांगता आले असते. याचा चेहरा काही केल्या आठवेना. त्याच्या घरी मी गेले होते का, तेही आठवेना. गेले असते तर आठवलं असतं.

बैठक आणि सोडत एकाच दिवशी होती. अकराला बैठक, तीनला सोडत.

डॉक्टरांनी सुरुवातच अशी केली, “बाई, आमच्यातला जवळजवळ प्रत्येक जण मुलाला इंग्रजी माध्यमात घालू शकतो. बस दाराशी येते. तरी आम्ही इथं आणतोय, कारण या शाळेनं आम्हाला घडवलं. आमच्यासारखी माणसं गेली तर मराठी शाळेकडे बघायला कोण उरणार?”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ज्या शाळांतून चार पैसे बाळगून असलेली घरं निघून गेली, तिथं नळ तुटला तर महिनाभर तुटलेलाच राहतो. ऑफिसात फोन करून ‘काय झालं हो आमच्या कामाचं’ म्हणणारं कुणी नसतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून डॉक्टरांना उत्तर देणं मला जड गेलं.

मी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि एवढंच विचारलं, “माजी विद्यार्थी म्हणजे नक्की कोण धरायचा?”

एक जण म्हणाले, संघाचा सभासद. दुसरे म्हणाले, चौथी पास होऊन दाखला नेलेला. मी पान उघडून ती ओळ दाखवली. म्हटलं, “मग हा?”

सगळ्यांनी वाकून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, “दीड वर्ष म्हणजे काय बाई. त्याला आपला विद्यार्थी कसं म्हणायचं?”

त्या वाक्यानं माझं मन पक्कं झालं. जो टिकला, पुढे गेला, देणगी देण्याइतका मोठा झाला, तो आमचा. ज्याला आम्ही टिकवू शकलो नाही तो आमचा नाही. आणि तोच हिशेब आता त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांना लावायचा. बापाचं नाव आम्ही एकदा कमी केलं होतं. या नियमानं मुलीचं नावही मागे ढकलायचं होतं.

मग मी कायद्याचं बोलले. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 13 नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही, आणि चाळणी म्हणजे काय ते कलम 2 मध्येच सांगितलंय: सोडतीसारखी पद्धत सोडून एका मुलाला दुसऱ्याच्या पुढे काढण्याची कुठलीही रीत. पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 पर्यंत.

“दिल्लीत गुण देतात की,” एक सदस्य म्हणाले. देत होते. डिसेंबर 2013 मध्ये तिथल्या खासगी शाळांच्या नर्सरी प्रवेशासाठी घर जवळ असेल तर 70, भावंड शाळेत असेल तर 20 आणि आईवडील माजी विद्यार्थी असतील तर 5, असे गुण ठरले होते. पुढे 2014 च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयानं ते सगळं रद्द केलं, पण शाळांच्या स्वायत्ततेच्या मुद्द्यावर. पाच गुण ऐकायला किती थोडे वाटतात. पण शाळेजवळच्या सगळ्याच मुलांना सत्तर मिळाले की, भावंडं सोडली तर, यादी पाचांवरच ठरते. ज्याच्या बापाला तिथं कधी जागा मिळाली नव्हती, त्याचं मूल त्या पाच गुणांपाशी अडतं.

भावंडांचं मी वेगळं मानते. एक मूल इथं आणि दुसरं पोवई नाक्यापलीकडे असलं की आईची सकाळ कशी जाते ते मी बघितलंय. ती अडचण मुलांची असते, रोजची असते. माजी विद्यार्थ्याच्या मुलाला आमच्याकडे जागा मिळाली नाही तर मुलाचं काय अडतं? बापाला वाईट वाटतं. ते वाईट वाटणं मी खोटं म्हणत नाही, पण त्याच्या बदल्यात दुसऱ्याच्या मुलाची जागा देता येत नाही. आम्ही मात्र भावंडांच्या चिठ्ठ्याही सोडतीतच टाकल्या. ते मला आजही बरोबर वाटत नाही.

डॉक्टरांचे वडील कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात वाढलेले. हे ते प्रत्येक स्नेहसंमेलनात अभिमानानं सांगायचे. मी म्हटलं, “डॉक्टर, कर्मवीरांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथं आलेल्या पोरांच्या बापांना कुठल्या शाळेचा दाखला मागितला होता?”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ते दिवस वेगळे होते, बाई.”

ठराव झाला नाही. माझ्या बोलण्यामुळे तो झाला नाही असं मी म्हणणार नाही. दंडाचा आकडा आणि शिक्षणाधिकारी कार्यालयातली चौकशी, यांचा धाक जास्त होता. जाताना डॉक्टर म्हणाले, “पुढच्या वर्षी वर्गणी मागायला कुठल्या तोंडानं जाऊ मी लोकांकडे?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तीन वाजता पटांगणात मांडव घातलेला. खिचडीचं मोठं पातेलं घासून पुसून टेबलावर ठेवलं होतं. शिपाईमामांनी 94 चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजून, सारख्या घड्या घालून त्यात टाकल्या. चौथीतल्या एका मुलीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. ती प्रत्येक चिठ्ठी काढली की पातेल्यात हात गोल फिरवायची, तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. नाव पुकारलं की एखादी आई मटकन खालीच बसायची.

तो नळापाशी उभा होता. ओळखायचं कारण नव्हतं, पण कडेवरच्या मुलीच्या हातात अर्जाची पोच होती आणि तिच्यावरचं निळं अक्षर माझ्या ओळखीचं झालं होतं.

साठ नावं झाली तेव्हा मांडवात अर्धी माणसं रडत होती, काही आनंदानं, काही कशानं. मुलीचं नाव साठात आलं नाही. प्रतीक्षा यादीत अकरावं आलं.

रात्री मी यादी घेऊन बसले. माजी विद्यार्थ्यांच्या 31 मुलांपैकी 19 जणांची नावं सोडतीत आपोआप आली होती. मागितल्या होत्या वीस. आणि दुसरं एक गणित डोक्यातून जाईना. मी बैठकीत विरोध केला नसता, ‘रजिस्टरात नाव आहे तो माजी विद्यार्थी’ एवढीच व्याख्या लावून धरली असती, तर त्या वीस जागांच्या चिठ्ठ्यांत ही मुलगी असती. तिची संधी वाढली असती. तिच्यासाठी भांडले असं मला वाटत होतं, आणि तिचीच वाट मी अरुंद केली होती. मग उरलेले 63 अर्ज पुन्हा चाळले. त्यांतल्या सात अर्जांवर आईचा अंगठा होता. त्या सात जणींचं मूल तरी कुणाच्या नावावर पुढे जाणार होतं? मी आजही सोडतीच्याच बाजूची आहे, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत सात जागा रिकाम्या झाल्या. प्रतीक्षा यादी सातव्यावर थांबली. मुलगी जवळच्या नगरपालिकेच्या शाळेत गेली.

जुलैमध्ये एका दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. चप्पल बाहेर काढून आत आला.

“बाई, माझा दाखला पायजे व्हता. पोरीचा जातीचा दाखला काढायचाय. बापाचा शाळंचा दाखला आणा म्हनत्यात.”

तो त्यानं कधी नेलाच नव्हता. मी रजिस्टर काढलं, वर्तमानपत्र पसरलं. दाखला रजिस्टरातल्या ओळीबरहुकूमच द्यावा लागतो, काना-मात्रेचाही फरक चालत नाही. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख 1 जून. कारणाच्या रकान्याशी माझा हात थांबला. पण तिथे जे आहे तेच लिहायचं होतं.

त्यानं तो हातात घेतला आणि बोट ठेवून वाचत खाली आला. “सतत गैर...” पुढचं त्यानं जुळवून वाचलं. मग म्हणाला, “खरं हाय बाई. आई कामावर जायची, अन् धाकट्या भणीला कोन बगनार? पन मी तिला घिऊन एकदा आल्तो शाळंत. तुमी म्हनलासा, लहान पोरगं वर्गात न्हाय बसवायचं.”

हे मला आठवत नव्हतं. मी तसं म्हटलं असणार.

“पोरगी जाते का रोज?” मी विचारलं.

“एक दिस चुकवू दिला न्हाय,” तो म्हणाला, आणि दाखल्याला घालायला प्लास्टिकची पिशवी आहे का, असं विचारलं. मी कपाटातून एक काढून दिली.