चौदा नंबर

“चौदा नंबरचं सलाइन बदल गं,” मी ज्युनिअरला सांगितलं. आजी जाग्याच होत्या. हळूच म्हणाल्या, “सिस्टर, माझं नाव लिहिलंय की त्या कागदावर.”

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

नाइट संपवून घरी आले तरी झोप येईना. पूर्वी वॉर्डात शिरले की मी आधी नावं पाठ करायचे. कुणाची सून बाळंतपणाला गेलीय, कुणाला चहाशिवाय गोळी जात नाही, सगळं ठाऊक असायचं. नंबर कधीपासून आले? बहुतेक त्या आठवड्यापासून, ज्यात तीन पेशंट गेले आणि मी एकदाही रडले नाही. चादर बदलली, पुढची ॲडमिशन घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं मांडली: थकून रिकामं होणं, कामापासून मनाने तुटणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी गोष्ट म्हणून. मग ‘जरा योगा कर’ एवढ्यावर कसं भागेल? एका सिस्टरकडे किती पेशंट द्यायचे, हेही त्यातच आलं ना!

आज इन्चार्ज मॅडमना विचारलं, पेशंट गेल्यावर दहा मिनिटं आम्हाला एकत्र बसू द्याल का? “बघू,” म्हणाल्या. मग स्वतःच शेजारची खुर्ची पुढे ओढली. “आता बस.”

तुमच्याकडे अशा वेळी सिस्टरला कुणी विचारतं का, तू बरी आहेस ना?