दीड फुटावर पाणी

माती तपासायचा खड्डा दीड मीटर खोल घ्या, असं कामाच्या कागदावर मीच लिहिलं होतं. हातानं खणायचा, कारण खालून जुनी पाइपलाइन गेलेली आणि तिच्या नकाशावर भरवसा नव्हता. पंप मात्र मागवला नव्हता. ती चूक माझीच, दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही.

उत्तर नेदरलँड्समध्ये फ्रीसलंड प्रांताची राजधानी लेवार्डन. तिच्या थोडं वर ब्रिट्सम नावाचं गाव आहे, त्याच्या जवळच्या कुरणात आम्ही होतो. फेब्रुवारी महिना, वारा कानात शिरणारा. मी माणदेशातला. आमच्याकडे विहिरीची खोली परसांत मोजतात, एक परस म्हणजे साधारण माणसाची उंची, आणि सात-आठ परस खाली जाऊनही नुसता मुरूम न् कातळ लागू शकतो. माती तपासण्याच्या धंद्यात पडलो त्याचं कारणही बहुधा तेच.

आमचा ड्रिलर साठीचा, पक्का फ्रिशियन, म्हणजे फ्रीसलंडचाच. दीड फूट खणलं असेल, त्यानं फावडं बाजूला टेकवलं. राखाडी चिकणमातीच्या कडेतून आधी नुसता ओलावा दिसला, मग बारीक धार सुटली. आम्ही थर्मासमधली कॉफी संपवेपर्यंत बूट बुडतील इतकं पाणी साचलं आणि एका अंगाची माती गपकन आत बसली. तो माझ्याकडे बघून हसला. "तू फ्रेंच सैन्यात शोभला असतास," म्हणाला.

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं, मेन्नो फान कूहोर्न ह्याच ब्रिट्समचा. 1641 चा जन्म. डच सैन्यातला इंजिनिअर, नुसता कागदावरचा नव्हे. 1673 मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात जखमी झालेला. चार माणसं उचलून नेतील अशी छोटी उखळी तोफ त्यानंच काढली. 1685 मध्ये लेवार्डनला त्याचं पुस्तक छापलं गेलं, त्याच्या नावातच 'ओल्या किंवा सखल भूमीवरची नवी दुर्गबांधणी' असं आहे. आपल्याकडे किल्ला म्हणजे डोंगर, कडा, बेलाग चढण. ह्या माणसाकडे चढण म्हणून काही नव्हतंच. होतं ते पाणी.

त्याची जी युक्ती ड्रिलरनं काठीनं चिखलात रेघ ओढून दाखवली, ती अशी. पाण्यानं भरलेल्या खंदकाबरोबर एक रुंद कोरडा खंदकही ठेवायचा, आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किंचितच वर. शत्रू, म्हणजे तेव्हाचे फ्रेंच, त्यात उतरला की तटावरच्या तोफांपासून वाचायला मोर्चे खणणार. फावडं मारलं की पाणी! खणता येत नाही, उभंही राहता येत नाही. आडोशाची माती बाहेरून टोपल्यांनी वाहून आणायची, तीही गोळे खात. म्हणजे जमीन वाळलेली दिसत होती म्हणून मी जो खड्डा फसवून घेतला, तसाच हा माणूस तीनशे वर्षांपूर्वी मुद्दाम आखून ठेवत होता.

1692 मध्ये आजच्या बेल्जियममधल्या नामूरला त्यानंच बांधलेला कोट लढवत असताना समोर फ्रेंचांचा नामांकित दुर्गबांधणीकार वोबाँ होता. कूहोर्न जखमी झाला, कोट पडला. तीन वर्षांनी ह्यानं तेच नामूर वेढा घालून परत घेतलं. ही गोष्ट सांगताना ड्रिलरचा सूर असा, जणू काका-मामांपैकीच कुणाचं कौतुक चाललंय.

खड्डा अर्थातच सोडून दिला. संध्याकाळी आबांना फोन केला.

"पाणी किती परसावर लागलं?"

"दीड फुटावर."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. "मग मोटर किती एचपीची बसवणार?"

मी सांगितलं, उद्या पंप येतोय, पण पाणी उपसून गटारात सोडायला.

आबांनी फोन आईकडे दिला.