पंधरा लिटरची बादली

22 मार्चच्या ग्रामसभेत गावानं 'हर घर जल' जाहीर करायचं ठरलं होतं. ठराव मीच टाइप करून ठेवला होता. जितकी कुटुंबं तितके नळ, सगळं जुळत होतं. फक्त सह्या आणि व्हिडिओ बाकी होता.

मी तेव्हा बीड जिल्ह्यात जलजीवन मिशनच्या कामावर होतो. पाइप आणि टाकी ठेकेदाराकडे, माझ्याकडे माणसं. म्हणजे समिती बसवायची, गावकृती आराखडा करून घ्यायचा, लोकवर्गणीचं समजावून सांगायचं.

दोन दिवस आधी, 20 तारखेला, शेवटची फेरी मारायला गेलो. भीमनगरात अर्ध्या घरांना कुलूप. चवदार तळ्याचा दिवस, माणसं महाडला गेलेली. एका मावशीच्या दारातल्या नळाचा मी फोटो काढला, तशी त्या आतून बादली घेऊन आल्या.

"सर, नळ काय मोजता? ही लावा की खाली."

त्याच वेळी पाणी सुटलेलं होतं, म्हणून लावली. बादली पंधरा लिटरची, रंगाच्या डब्याची. करंगळीएवढी धार. मध्ये दोनदा नळानं नुसतीच हवा सोडली. भरायला तेरा मिनिटं लागली. वर येऊन चौकातल्या नळाला तीच बादली लावली, तर सव्वा मिनिटात भरून वाहायला लागली.

हिशेब तिथंच मोबाइलवर केला. भीमनगरात दिवसाआड चाळीस मिनिटं पाणी. तीन बादल्या, म्हणजे पंचेचाळीस लिटर. मावशींच्या घरात पाच माणसं. योजनेचा निकष माणशी रोज 55 लिटर, म्हणजे दोन दिवसांचे 550. माझ्या तक्त्यात मात्र त्या घरापुढे बरोबरची खूण होती.

पाणी सोडणाऱ्या अण्णांना गाठलं. ते व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून टाकीखाली बसले होते. "आधी चौक, मग पेठ, मग खालची आळी, शेवटी भीमनगर. जुन्या योजनेपासून असंच सोडतो," म्हणाले. टाकी भरलेली असते तेव्हा चौकाला दाब मिळतो, भीमनगरची पाळी येईस्तोवर ती तळाला गेलेली असते. शिवाय वरच्या घरांत टिल्लू मोटारी, नळातूनच पाणी ओढून घेणाऱ्या. अण्णांच्या मनात काही काळंबेरं होतं असं मला आजही वाटत नाही. पण क्रम कुणी लावला, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

दुसरी गोष्ट विहिरीवर कळली. दोनशे पावलांवर उसासाठी नवं बोअर पाडलेलं. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत तसं करता येत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बोअर कुणाचं हेही. विहीर एक परस उतरली की चौकातली धार जरा बारीक होते, भीमनगरात नळ कोरडा पडतो. आराखड्यात 'स्रोत बळकटीकरण' असं एक पान होतं. ते मी शेजारच्या गावच्या आराखड्यातून उचललं होतं.

आणि समिती. नियमानं निम्म्या महिला हव्यात, दुर्बल घटकांतले सदस्य हवेत. कागदावर सगळं होतं, भीमनगरच्या दोघीही होत्या. बैठका व्हायच्या मारुतीच्या पारावर, दिवेलागणीला. त्या दोघी एकदाही वर आल्या नाहीत. रजिस्टर घरी नेऊन त्यांच्या सह्या मीच आणल्या होत्या.

ग्रामसभेत मी ठराव वाचलाच नाही. बादलीचे दोन आकडे सांगितले. सरपंचताई गप्प, त्यांचे यजमान मात्र उठले, "गावाची बदनामी कशाला करता?" बराच वेळ गलका चालला. मग मागून अण्णाच म्हणाले, उलट्या बाजूनं सोडून बघतो, मला काय, चावी तीच. तेवढं मंजूर झालं. पुढची बैठक शाळेत, दुपारी, हेही झालं. मोटारींवर चर्चा होईल असं ठरलं, म्हणजे काही ठरलं नाही. बोअरचा विषय निघताच माणसं चपला शोधायला लागली.

गाव 'प्रलंबित' दाखवल्याबद्दल महिनाअखेरच्या आढाव्यात मला उभं केलं. इतर गावांचे नळ मोजताना बादली नेली होती का, हे कुणी विचारलं नाही. नेली नव्हती.

एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. भीमनगरात पाणी आता पहिल्यांदा सुटत होतं, बादलीला सहा मिनिटं. समितीतल्या दोघींपैकी एकीनं बैठकीत मोटारींचा विषय काढला होता, तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मावशींच्या नळामागच्या भिंतीवर खडूनं एक तक्ता आखलेला होता : तारीख, पाणी आल्याची वेळ, बादल्या. अक्षर नातीचं. वरच्या ओळींत चार, पाच, चार असे आकडे होते. शेवटच्या दोन तारखांपुढे तिनं आकडा लिहिला नव्हता, 'हवा' लिहिलं होतं.